बटणाएवढी

शुक्रवारी दाढी करताना हाताला लागली.
कॉलरच्या आत, डाव्या हाडाच्या वर,
जिथे टेपचं टोक धरून मी गिऱ्हाइकाला म्हणतो,
खांदे सैल सोडा.

शर्टाच्या बटणाएवढी.
दुखत नव्हती.
पावडर लावली आणि नमाजला गेलो.

सोहारमध्ये बावीस वर्षं दिशदाशे शिवतोय.
गळ्याशी लोंबतो तो गोंडा, ज्यात इथले लोक अत्तर बुडवतात,
तो माझ्यासारखा अख्ख्या गल्लीत कुणाला बसवता येत नाही.
माणसाचं अंग मला बोटांनी कळतं:
कुणाचा एक खांदा उतरलाय,
कुणाचं पोट रमजान संपल्यावर दोन बोटं वाढलंय.
स्वतःचं माप कधी घेतलं नाही.
आरशात टेपचे आकडे उलटे दिसतात.

महिन्याने ती कोटाच्या बटणाएवढी झाली
आणि मी सबबी शिवायला बसलो.
मशीनवर वाकून आली असेल.
एसीची हवा. किडकी दाढ.
शिवाय मार्चमध्येच व्हिसाचं मेडिकल झालेलं,
रक्त, छातीचा फोटो, कागदावर शिक्का: फिट.
मानेला तिथे कुणी हात लावला नव्हता,
एवढी एक गोष्ट मी अस्तराच्या आत दुमडून टाकली.

खरं सांगू?
गाठीपेक्षा तिकिटाची भीती होती.
एकतर्फी तिकिटाची.
म्हसळ्याला वरच्या मजल्याचा स्लॅब बाकी,
सनोबरची फार्मसीची दोन वर्षं बाकी,
आणि व्हिडिओ कॉलवर शमीम विचारते,
घरात कॉलर का उभी केलीय?
फॅशन आहे, म्हटलं.
शिंप्याची बायको ती.
कॉलरकडे बघत राहिली, मग म्हणाली, जेवलात?

मंगळवारी लिसम्मा सिस्टर आली,
पॉलिक्लिनिकचा युनिफॉर्म कमरेत आत घ्यायला.
तोंडात टाचण्या धरून मी खाली वाकलो,
तिला वरून दिसलं.

आधी विचारलं तिने, हात लावू का,
मग दोन बोटं ठेवली.
बावीस वर्षं मी लोकांच्या अंगाला टेप लावतोय,
माझ्या अंगाला असा मोजणारा हात
पहिल्यांदाच लागला.

दुखते?
नाही, म्हटलं मी, हुकमाचं पान टाकावं तसं.
तिचा चेहरा उजळला नाही.
सरकते?
कापडाखाली राहिलेला खडू सरकतो, सिस्टर. ही नाही.
केव्हापासून?
बकरी ईदच्या ऑर्डरी संपल्या, तेव्हापासून.
ताप? रात्री घाम? वजन?

माझीच पँट मी दोनदा आत घेतली होती.
अंदाजाने, रात्री, रेडिओ ऐकत,
दुसऱ्या कुणाची असावी तशी.
हे तिला सांगताना
माझं मलाच पहिल्यांदा ऐकू आलं.

ती म्हणाली, साधीही निघेल मास्टर, पुष्कळ साध्या निघतात.
पण बोटाने चाचपून ते ठरवणं माझं काम नाही,
तुमचं तर नाहीच नाही.
आणि दुखत नाही म्हणून खूश होऊ नका.
दुखणारी निदान ओरडते तरी.
उद्या या. सकाळी. रिकाम्या पोटी नको, घाबरून पडाल.

शटर अर्धं ओढून मी मापांचं रजिस्टर काढलं.
नव्या पानावर लिहिलं:
पेवेकर, इस्माईल.
मान, डावी बाजू. कोटाचं बटण, चार भोकांचं.
सरकत नाही. दुखत नाही. नव्वद दिवस.
पँट दोनदा आत, एकूण दीड इंच.

शेवटचा रकाना डिलिव्हरीच्या तारखेचा.
बावीस वर्षांत तो कुणाचा कोरा ठेवला नाही मी.
हा ठेवला.
पान फाडून खिशात घातलं, डॉक्टरला दाखवायला.

मग लिसम्माचा युनिफॉर्म घेतला.
उद्या रिकाम्या हाताने कसं जाणार?
दोन्ही बाजूंनी पाऊण पाऊण इंच, बारीक टाका,
आणि शेवटी दोऱ्याला गाठ मारायची असते.
हात जरा थांबला.
मग मारली.